विश्वचषक आला, मैदानाचे काय?

दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडागारात १९ जानेवारी २०२५ रोजी खो-खोच्या पहिल्या विश्वचषक स्पर्धेची सांगता झाली आणि भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळचा पराभव करून अजिंक्यपद पटकावले. महिलांनी ७८-४० असा, तर पुरुषांनी ५४-३६ असा विजय मिळविला. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर हे दोघेही महाराष्ट्राचे. महिला संघातील अश्विनी शिंदे ही तर धाराशिवची. ज्या खेळाला वर्षानुवर्षे वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर तळाच्या चार ओळी मिळत, त्या खेळाला देशाच्या राजधानीत विश्वचषकाचा मान मिळावा, याचा मराठी मनाला आनंद व्हावा हे स्वाभाविकच आहे. विजेत्यांचे सत्कार झाले, शासनाने रोख पारितोषिके जाहीर केली, पुढाऱ्यांनी अभिनंदनाची पत्रके काढली. हे सारे योग्यच होते.

तथापि या आनंदात एका गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. विश्वचषकाचा हा खेळ छपराखाली, विजेच्या झोतात आणि मॅटवर झाला. ज्या मातीत खो-खो जन्मला आणि वाढला, त्या मातीला तेथे जागा नव्हती. हा केवळ हळव्या आठवणींचा विषय असता, तर त्याची चर्चा करण्याचे प्रयोजन नव्हते. पण खेळ कोणत्या जमिनीवर खेळला जातो, यावर तो कोणी खेळावा हेही ठरत असते. म्हणून विश्वचषकाच्या यशाचा हिशेब मांडताना मैदानाचा हिशेबही मांडावा लागेल.

दोन खांबांचा खेळ

खो-खोला आजचे नियमबद्ध रूप महाराष्ट्रात आणि बडोद्यात मिळाले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास नियम ठरविण्याचे काम हाती घेतले; बडोद्याच्या जिमखान्याने १९२४ मध्ये आपली नियमावली प्रसिद्ध केली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची व व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. स्वातंत्र्यानंतर अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला आणि १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे पुरुषांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. महिलांची पहिली स्पर्धा पुढच्याच वर्षी कोल्हापुरात झाली. या साऱ्या वाटचालीत खेळाची सामग्री मात्र बदलली नाही. दोन खांब, फक्कीने आखलेल्या रेषा आणि सपाट केलेली जमीन एवढे असले की खेळ सुरू होई. बॅट नको, चेंडू नको, जाळे नको. गरीब देशाने स्वतःसाठी शोधलेला इतका स्वस्त आणि इतका चपळ खेळ दुसरा क्वचितच असेल.

खेळाचा स्वस्तपणा हीच त्याची लोकशाही होती. खो-खोत पैसेवाल्याच्या मुलाला कोणतेही साधन अधिक मिळत नाही. त्यामुळेच शहरांतील संघांच्या बरोबरीने मराठवाड्यातील एका दुष्काळी जिल्ह्याचे नाव या खेळात पुढे येऊ शकले. २०२० मध्ये धाराशिवच्या सारिका काळे यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा १९९८ नंतर, म्हणजे तब्बल २२ वर्षांनी, हा मान खो-खोकडे आला होता. भारतीय महिला संघाच्या या माजी कर्णधार त्या वेळी तुळजापूर येथे शासनाच्या क्रीडा अधिकारी म्हणून काम करीत होत्या. लहानपणी कित्येक वर्षे घरात दिवसाला एकच वेळचे जेवण मिळे, असे त्यांनीच त्या वेळी सांगितले होते. वयाच्या तेराव्या वर्षी त्या या खेळाकडे वळल्या. अशा घरातील मुलगी टेनिसच्या वा नेमबाजीच्या वाटेला गेली असती काय, असा प्रश्न विचारला की खो-खोचे सामाजिक मोल ध्यानात येते. तिला जे हवे होते ते घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते: मैदान, दोन खांब आणि शिकविणारा एक माणूस.

मातीचे शास्त्र

खो-खोचा दर्दी प्रेक्षक हा एक वेगळाच प्राणी आहे. त्याला आसनाची गरज भासत नाही; तो दोरीला लागून उभा असतो. संरक्षण करणाऱ्या तुकडीतील तीन गडी आत आले की कोण साखळीत खेळणार, कोण खांबाभोवती हुलकावण्या देणार, हे तो पहिल्या अर्ध्या मिनिटात ओळखतो. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की मागे वळायचे नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. पळणाऱ्याला मात्र सर्व दिशा मोकळ्या. या विषम कायद्यातून खेळाची सारी रंगत निर्माण होते. ज्याच्यावर बंधने आहेत त्याने आठ सोबत्यांच्या साहाय्याने मोकळ्या माणसाला पकडायचे, असा हा खेळ आहे. एकट्याच्या पायांचे येथे काही चालत नाही. योग्य क्षणी दिलेला खो हा वेगापेक्षा मोठा ठरतो.

या दर्द्याला जमीनही वाचता येते. खो-खोच्या रेषा सर्वत्र सारख्या असतात, पण त्या रेषांखालची माती सारखी नसते. कोकणातल्या तांबड्या जांभ्याच्या जमिनीवर पाऊल जसे वळते, तसे ते काळ्या मातीवर वळत नाही. मुरूम टाकून, पाणी मारून, रूळ फिरवून तयार केलेल्या मैदानावर सकाळी एक चाल मिळते आणि दुपारी ऊन चढून भुगा सुटला की दुसरी. खांबाजवळची माती सतत घासून सैल होते, म्हणून खांबावर सूर मारणाऱ्याला आणि तेथून निसटणाऱ्यालाही पावलांचा अंदाज बदलावा लागतो. गावचा संघ आपल्या मैदानावर भारी पडतो, त्याचे एक कारण प्रेक्षकांचा आरडाओरडा असेल. पण पायाखालच्या ओळखीच्या मातीचा त्यातील वाटा लहान नाही.

खेळ आणि मैदान यांचे हे नाते अमेरिकेतील बेसबॉलच्या चाहत्यांना चांगले समजते. त्या खेळात चार थांब्यांचा आतला चौकोन नियमाने बांधलेला आहे. दोन थांब्यांमधले अंतर सर्वत्र ९० फूट असते. पण बाहेरचे मैदान किती खोल असावे आणि त्याची भिंत किती उंच असावी, हे प्रत्येक गावाने आपापल्या जागेनुसार ठरविले. बॉस्टनचे १९१२ मधील फेनवे पार्क रस्त्याला खेटून बांधले गेले; डावीकडे जागा अपुरी पडली म्हणून तेथे ३७ फूट उंचीची भिंत उभी राहिली आणि ती भिंतच पुढे त्या गावाचे भूषण झाली. शिकागोच्या रिग्ली फील्ड या १९१४ मधील मैदानावर १९८८ पर्यंत विजेचे दिवेच नव्हते. तेथे स्थानिक सामने दिवसाउजेडीच होत. ब्रुकलिनचा डॉजर्स संघ १९५७ च्या हंगामानंतर लॉस एंजेलिसला निघून गेला आणि १९६० मध्ये त्याचे एबेट्स फील्ड हे मैदान पाडण्यात आले. त्या घटनेची सल तेथील लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बाळगली. त्यांच्या लेखी संघ जाणे आणि मैदान जाणे ही दोन दुःखे नव्हती.

आपल्या दृष्टीने त्याहून अधिक बोधप्रद कथा ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोमची आहे. १९६५ मध्ये उघडलेल्या या प्रचंड क्रीडागाराला छप्पर होते आणि आत गवत लावले होते. छपरातून येणाऱ्या लखलखाटाने उंच उडालेला चेंडू खेळाडूंना दिसेना, म्हणून छपराच्या काचा रंगविण्यात आल्या. तेव्हा उन्हावाचून गवत मेले. मग १९६६ मध्ये तेथे कृत्रिम हिरवळ अंथरली गेली आणि पुढील दोन दशकांत अनेक मैदानांनी तिचे अनुकरण केले. त्या पृष्ठभागावर चेंडू अधिक वेगाने आणि अधिक उंच उसळू लागला. खेळाडूंच्या गुडघ्यांना मार बसू लागला. खेळाची शैलीच बदलली. १९९० नंतर मात्र अनेक मोठ्या मैदानांनी कृत्रिम हिरवळ काढून पुन्हा खरे गवत लावले. ज्या देशाने हा शोध लावला, त्यालाच तो खेळाच्या तराजूत घालून पाहण्यास पाव शतक लागले. याचा अर्थ सुधारणा करूच नये असा नाही. ती केल्यानंतर तिचा परिणाम तपासण्याची तयारी हवी, एवढाच आहे.

मॅटची बाजू

खो-खोच्या मॅटबाबतही असाच विवेक ठेवला पाहिजे. मॅटच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. मातीवर सूर मारणाऱ्या मुलामुलींची कोपरे आणि गुडघे सोलवटून निघत; ते पाहून कित्येक पालकांनी मुलींना या खेळापासून दूर ठेवले असेल. पावसाने एक सर दिली की सामना रद्द होई. परदेशातील खेळाडूंना एकसारखा पृष्ठभाग मिळाल्यावाचून आंतरराष्ट्रीय स्पर्धा न्याय्य होणे कठीण. विश्वचषकाला २० पुरुष संघ व १९ महिला संघ आले, ते शेणसडा घातलेल्या अंगणात खेळण्यासाठी आले नसते, हे मान्य केले पाहिजे. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यालाही उजेड, रंग आणि आखीव चौकट लागते. २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत सुरू झालेल्या ‘अल्टिमेट खो खो’ या व्यावसायिक स्पर्धेने खेळाडूंच्या हाती प्रथमच या खेळातून काही पैसा पडू दिला, हेही खरे.

या बदलाबरोबर नियमही बदलले. पूर्वी नऊ गडी मैदानात उतरत आणि नऊ मिनिटांची पळती असे. नव्या पद्धतीत सात गडी आणि सात मिनिटे आली. बाद झालेल्या गड्यामागे एक गुण हा जुना हिशेब जाऊन गुणांची रास वाढली. अन्यथा ७८ हा आकडा खो-खोच्या गुणफलकावर कोणी पाहिला नसता. पाठलाग करणाऱ्या एका गड्याला कोणत्याही दिशेने धावण्याची मुभा देऊन त्याला ‘वजीर’ हे नाव मिळाले. खेळ वेगवान झाला, नवख्या प्रेक्षकाला समजण्यास सोपा झाला. पण ज्या बंधनातून या खेळाची बुद्धी जन्मली ते बंधन एका गड्यापुरते का होईना सैल झाले, अशी खंत जुन्या दर्द्याला वाटली तर तिला नुसती म्हाताऱ्यांची कुरकूर म्हणून उडवून लावता येणार नाही.

मात्र खरा प्रश्न जुन्या चाहत्यांच्या आवडीनिवडीचा नाही. तो उद्याच्या खेळाडूंचा आहे, आणि त्याचे उत्तर हॉकीने देऊन ठेवले आहे. मार्च १९७५ मध्ये भारताने क्वालालंपूर येथे गवताच्या मैदानावर हॉकीचा विश्वचषक जिंकला. पुढच्याच वर्षी माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि भारत सातव्या क्रमांकावर फेकला गेला. १९२८ पासून प्रत्येक ऑलिंपिकमधून पदक आणणारा संघ रिकाम्या हाताने परतला. १९८० मध्ये मॉस्कोला सुवर्णपदक मिळाले, पण अनेक बलाढ्य संघ तेथे नव्हते. त्यानंतरचे ऑलिंपिक पदक थेट २०२१ मध्ये, टोकियोत हाती आले. मधल्या काळात २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला तर भारत पात्रही ठरला नाही. या घसरणीची कारणे अनेक होती. संघटनेतील भांडणे होती, प्रशिक्षणातील मागासलेपणही होते. पण एक कारण उघड होते. सामना एका पृष्ठभागावर होत होता आणि आपली हजारो मुले दुसऱ्याच पृष्ठभागावर खेळ शिकत होती. खेळ उच्च स्थानी बदलला. खाली, जेथे त्याची मुळे होती, तेथे बदलासाठी लागणारा पैसा पोहोचला नाही.

खो-खोत आज भारताशी बरोबरी करणारे देश थोडे आहेत, म्हणून हा धोका दिसत नाही. पण कबड्डीतही तो एके काळी दिसत नव्हता. कबड्डी मॅटवर गेली, जगात पसरली आणि २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत इराणने भारताच्या पुरुषांना उपांत्य फेरीत आणि महिलांना अंतिम फेरीत हरविले. खेळ जगाचा झाला तर इतरांनी जिंकावे, यात गैर काही नाही. गैर हे की, खेळाचे माहेर असलेल्या गावांतील मुलांना त्या स्पर्धेत उतरण्याची वाटच बंद व्हावी.

तामलवाडीच्या वाटेवर

सोलापूरहून तुळजापूरकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत तामलवाडी लागते. कोजागरीच्या सुमारास याच रस्त्याने हजारोंच्या संख्येने भाविक अनवाणी चालत आईच्या दर्शनाला जातात. रस्ता आता चौपदरी महामार्ग झाला आहे, टोलनाका आला आहे. मोठ्या रस्त्याने गावाला दळणवळण दिले, व्यवसाय दिला. पण महामार्गालगतच्या जमिनीचे मोल जेथे जेथे वाढते, तेथे गावातील मोकळ्या जागेकडे पाहण्याची दृष्टीही बदलते. पूर्वी जी जागा ‘रिकामी’ होती, ती आता ‘पडून’ आहे असे वाटू लागते. मग तेथे कधी गाळे उभे राहतात, कधी सभागृह, कधी वाहनतळ. हे एका गावापुरते नाही. महाराष्ट्रातील रस्त्यालगतच्या शेकडो गावांची ही गोष्ट आहे. गावठाणातील मैदानाला मालक नसतो, म्हणून त्याच्या बाजूने बोलणाराही कोणी नसतो.

अशा गावातील एखाद्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीचा विचार करावा. विश्वचषक तिने पडद्यावर पाहिला आहे. आपल्या जिल्ह्याची मुलगी त्या संघात होती हे तिला ठाऊक आहे. तिच्या पायांत वेग आहे. तिने कोठे जावे? मॅट जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा एखाद्या मोठ्या शहरात असणार. तेथे रोज संध्याकाळी जायचे तर एस. टी. चे भाडे, उशिराची परतीची गाडी आणि घरच्यांची काळजी हे तीन अडथळे आहेत; मुलगी असल्याने तिसरा सर्वांत मोठा. गावातील शाळेचे मैदान शाबूत असेल, तेथे दोन खांब असतील आणि एखादे शिक्षक अर्धा तास अधिक थांबत असतील, तर तिची सुरुवात होऊ शकते. एरवी तिच्या वेगाची वार्ता कोणालाही लागणार नाही. खेळाडूची पहिली निवड कोणतीही समिती करीत नाही; ती गावचे मैदान करते.

कायद्याने हे जाणले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेसाठी मैदान आणि खेळाचे साहित्य यांचा समावेश केलेला आहे. राज्याच्या क्रीडा धोरणात तालुका क्रीडा संकुलाची कल्पना आहे. गुणवान खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. म्हणजे शिडीच्या वरच्या पायऱ्या शासनाने बांधलेल्या आहेत. कमतरता आहे ती जमिनीला टेकणाऱ्या पायरीची. कागदावर मैदान दाखविलेले असते, पण ते मुलांना धावण्याजोगे असते की नाही हे कोण पाहतो? जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत स्वतंत्र क्रीडाशिक्षक बहुधा नसतोच; तेथील गुरुजी किंवा बाई गणित शिकवितात, माहिती भरतात, निवडणुकीचे काम करतात आणि त्यातूनही मुलांना मैदानावर नेतात. विश्वचषकाच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव कोठेही नसते.

काय करता येईल

उपाय अवघड नाहीत, खर्चिक तर मुळीच नाहीत. पहिला असा की प्रत्येक ग्रामपंचायतीने शाळेच्या व गावाच्या मैदानाची मोजणी करून त्याची हद्द अभिलेखात नोंदवावी आणि त्यावर दुसरे बांधकाम होऊ देऊ नये. मुरूम, पाणी आणि रूळ यांचा वर्षाकाठचा खर्च एखाद्या सत्कार समारंभाच्या मंडपाहून अधिक येणार नाही. दुसरा उपाय तालुक्याच्या पातळीवरचा. प्रत्येक तालुका संकुलात किमान एक मॅट असावी आणि तिचा वापर शाळांनी पाळीपाळीने करावा, म्हणजे मातीवर शिकलेल्या मुलांना मोठ्या स्पर्धेपूर्वी त्या पृष्ठभागाची ओळख होईल. तिसरा उपाय खेळाच्या संघटनांच्या हातात आहे. शालेय आणि जिल्हा पातळीवरील स्पर्धा मातीवर आणि जुन्या, नऊ गड्यांच्या पद्धतीने चालू ठेवण्यात कमीपणा मानू नये. नऊ जण खेळले तर दोन मुलांना अधिक संधी मिळते, एवढे एक कारणही त्यासाठी पुरेसे आहे. मातीवर आरंभ आणि मॅटवर परिपाक, असा क्रम लावता आला तर दोन्हींचा लाभ होईल.

भारताला २०३६ चे ऑलिंपिक मिळावे यासाठी २०२४ मध्ये अधिकृत इरादापत्र दिले गेले आणि देशी खेळांना त्यात स्थान मिळावे अशी स्वप्नेही रंगविली गेली. स्वप्ने पाहावीत, त्यावाचून विश्वचषकही झाला नसता. पण २०३६ मध्ये जी मुलगी ऐन उमेदीत असेल, ती आज दहा-बारा वर्षांची आहे आणि ती दिल्लीत नाही. ती एखाद्या तामलवाडीत, शाळेची घंटा झाल्यावर दप्तर बाजूला टाकून धावण्यासाठी जागा शोधते आहे. ती जागा तिला मिळाली, तर पुढचे विश्वचषक आपोआप येतील. ती मिळाली नाही, तर दिल्लीतील मॅट कितीही चकचकीत असली तरी तिच्यावर धावायला कोणी उरणार नाही.